नमुना शाबूत, दांडा तुटला : कडाक्याच्या थंडीत चिवट होणारे मिश्रधातू

सांडशी (धागाकर्ता)

२०१७ सालची गोष्ट. एका प्रयोगशाळेत (नाव जाऊ द्या) मी टेन्साइल टेस्टिंगला होतो. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात नमुना बुडवायचा आणि मशीनने तुटेपर्यंत ओढायचा, एवढंच काम. त्या दिवशीचा नमुना पाच धातूंचा होता. क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल, अणूंच्या हिशेबाने प्रत्येकी २० टक्के. गोल सळी, मधला भाग ४ मिलिमीटर व्यासाचा.

नायट्रोजन ओतला की बराच वेळ नुसती गुरगुर चालते. मग एकदम खळखळाट होतो आणि पाठोपाठ सगळं गप्प. गप्प झालं की समजायचं, नमुना ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांना पोचला. मशीन सुरू केलं, आलेख छान चढत होता. १२ किलोन्यूटनच्या आसपास 'ठाक्' झालं आणि रेघ थेट शून्यावर. मनात म्हटलं, एवढं कौतुक ऐकलं होतं आणि हा गडी तर काचेसारखा गेला.

भांडं उतरवून बघतो तर नमुना अखंड, थोडा लांबलेला. तुटला होता तो त्याला धरणारा दांडा. घाईत कुणीतरी साध्या ईएन-८ पोलादाचा करून आणला होता. आट्याच्या मुळाशी सपाट, चमचमता तुकडा पडला होता, ताणल्याची खूण कुठेही नाही. पुढे स्टेनलेसचे दांडे करून घेतले तेव्हा कुठे चाचणी पूर्ण झाली.

या धातूंना 'हाय एन्ट्रॉपी अलॉय' म्हणतात. आपण उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू म्हणू. नेहमीच्या मिश्रधातूत एक धातू यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. पोलादात लोह, पितळेत तांबं. इथे यजमानच नाही.

२०१४ साली 'सायन्स'मध्ये याच पाच धातूंच्या मिश्रणावर जो लेख आला, त्यातले आकडे देतो. खोलीच्या तापमानाला हा धातू ४१० मेगापास्कल ताणाला यील्ड होतो, म्हणजे कायमचा लांबायला लागतो, ७७ केल्विनला ७५९ ला. कमाल ताण ७६३ वरून १२८० वर जातो. इथपर्यंत नवल नाही, थंडीत बहुतेक धातू कडक होतात. पण तुटण्याआधी तो लांबतो किती? खोलीत ५७ टक्के, नायट्रोजनमध्ये ७१ टक्के. आणि भेग असताना टिकाव धरण्याची क्षमता, म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, २१७ वरून २१९ (मेगापास्कल रूट मीटर). जवळजवळ जैसे थे.

बळ वाढलं की लांबण्याची ऐपत घटते, हा आम्हा लोकांचा रोजचा रडगाण्याचा विषय. इथे दोन्ही एकदम वाढतात. हे का होतं, यावर बोलायला धागा काढला आहे.

---

अडगळ

म्हणजे पंचधातूच की! आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण फ्रीजरमध्ये ठेवून बघू का?

---

सांडशी

ठेवा, पण घरच्यांना विचारून. पंचधातूत खरा माल तांब्याचा असतो, बाकीचे मानापुरते. तिथेही यजमान आहेच. तांब्याची मूर्ती थंडीत ठिसूळ मात्र होणार नाही. त्याचं कारण खाली येईलच.

---

वसुधा_के

छान धागा. मी पॉलिटेक्निकला मटेरियल सायन्स शिकवलं आहे, म्हणून दांड्याचा भाग जरा सोडवून सांगते.

साध्या पोलादात अणूंची मांडणी अशी असते, की घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि पोटात एक. तांबं, निकेल, ॲल्युमिनियम, ३०४ स्टेनलेस यांच्यात कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध. पहिलीला बीसीसी म्हणतात, दुसरीला एफसीसी. धातू वाकतो म्हणजे त्याच्या आतल्या 'डिसलोकेशन' नावाच्या रेषा सरकतात. अंथरलेली सतरंजी ओढून हलत नाही, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली तर आख्खी सतरंजी इंचभर सरकते, तसं. बीसीसीमध्ये ही सुरकुती सरकायला उष्णतेचा हातभार लागतो. थंडी वाढली की हातभार संपतो, सरकायला लागणारा ताण चढत जातो, आणि एका टप्प्याला सरकण्यापेक्षा सरळ चिरफाळणं स्वस्त पडतं. तेच ते सपाट चमचमतं तोंड.

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज असंच मधोमध उकललं होतं. ना वादळ, ना टक्कर. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागचा बाकही जागा व्हायचा.

---

नेमका_प्रश्न

ताई, एक शंका. एफसीसी धातूंचा यील्ड थंडीत फारसा बदलत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. तांब्या-निकेलचा आलेख जवळपास आडवा असतो. मग ४१० चे ७५९ कसे? हे तर बीसीसीसारखं वागणं झालं.

---

वसुधा_के

बरोबर पकडलंत. शुद्ध निकेलमध्ये सगळे अणू एका मापाचे, त्यामुळे सुरकुतीची वाट गुळगुळीत. इथे पाच जातींचे अणू कसेही शेजारी बसलेले, त्यामुळे वाट खडबडीत. प्रत्येक खड्डा ओलांडायला थोडी उष्णता लागते आणि थंडीत ती मिळत नाही. म्हणून यील्ड चढतो. पण एफसीसीला चिरफाळण्याचा तो स्वस्त मार्ग उपलब्ध नाही. ताण चढला तरी त्याला काहीतरी करून सरकावंच लागतं. ते 'काहीतरी' काय, हे सांडशींनी सांगावं. त्यांनी नमुने कापून बघितले असतील.

---

सांडशी

बघितले आहेत, पण कापणं सोपं, समजणं अवघड.

मोसंबीवाल्याचा ढीग डोळ्यासमोर आणा. खाली एक थर, त्याच्या खळग्यांत दुसरा, त्याच्या खळग्यांत तिसरा. तिसरा थर दोन प्रकारे बसू शकतो. एफसीसीमध्ये थरांची ठरलेली चाल असते: अ-ब-क, अ-ब-क. एखादा थर चुकीच्या खळग्यात बसला तर त्या चुकीचा दंड भरावा लागतो. त्याला स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये हा दंड जबर, म्हणून तिथे अशी चूक टिकत नाही. आपल्या पाच धातूंच्या मिश्रणात तो साधारण ३० मिलिज्यूल प्रति चौरस मीटर, म्हणजे किरकोळ. चूक स्वस्त असल्यामुळे ताण पुरेसा झाला की थरामागून थर चुकीच्या चालीने बसत जातात, आणि स्फटिकात एक पातळ पट्टी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते. हिला 'ट्विन' म्हणतात. जाडी काही नॅनोमीटर.

ही पट्टी दोन कामं करते. बनताना धातू थोडा लांबतो. बनल्यावर तीच भिंत होते, मागून येणाऱ्या डिसलोकेशनला अडवते. म्हणजे लांबणंही होतं आणि कडकपणाही वाढतो.

आता सळी ओढताना ती तुटते कशी? कुठेतरी एके जागी बारीक होते, तिथेच सगळा ताण एकवटतो, कंबर पडते आणि खेळ खलास. पण बारीक झालेली जागा लगेच शेजारच्यापेक्षा कडक झाली, तर लांबण्याची पाळी शेजारच्या भागावर येते. कडक होणं जितका वेळ चालू राहील तितकी कंबर पडणं लांबणीवर. म्हणजे सगळा प्रश्न असा: नव्या भिंती किती उशिरापर्यंत उभ्या राहत जातात?

आणि थंडीचं काम इथे आहे. मला हे कळायला दोन वर्षं लागली, म्हणून ठासून सांगतो. थंडी ट्विन 'तयार' करत नाही. ट्विन सुरू व्हायला लागणारा ताण खोलीत आणि नायट्रोजनमध्ये जवळपास सारखाच निघाला आहे, सुमारे ७२० मेगापास्कल. खोलीच्या तापमानाला तिथपर्यंत पोचायला धातूला सुमारे २५ टक्के ताणावं लागतं, आणि तोवर त्याचं बरंचसं आयुष्य सरलेलं असतं. नायट्रोजनमध्ये यील्डच वर असल्याने सुमारे ७ टक्क्यांतच तो ताण गाठला जातो. मग पुढचं सगळं अंतर भिंती उभ्या करायला मोकळं.

---

नेमका_प्रश्न

थांबा राव. वर तुम्हीच म्हणालात की ७७ केल्विनला यील्ड ७५९. मग ७२० ला सुरू होणारे ट्विन यील्डच्या आधीच यायला हवेत. ७ टक्के कशाला?

---

सांडशी

हाडाचे ऑडिटर दिसता. चूक माझी, दोन वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एका दमात सांगितले. ७५९ वाल्या नमुन्यातले स्फटिककण बारीक होते, साधारण ६ मायक्रॉनचे. ७२० वाल्यात त्याहून मोठे. कण बारीक झाले की यील्डही चढतो आणि ट्विन सुरू व्हायला लागणारा ताणही. तेव्हा ७२० हा काही सगळ्या नमुन्यांना लागू पडणारा जादूचा आकडा नाही. एकाच नमुन्यात तापमान बदललं तरी तो फारसा हलत नाही, एवढंच त्याचं महत्त्व.

---

भट्टीवाला

शिरोलीला फाउंड्री आहे आमची. सगळं वाचलं, निम्मं समजलं. दोन प्रश्न. एक, स्टेनलेस ३०४ पण नायट्रोजनमध्ये ठिसूळ होत नाही, मग याच्यात काय विशेष? दोन, किलोला पडणार कितीला?

---

सांडशी

पहिला प्रश्न या विषयावरच्या बऱ्याच व्याख्यानांत कुणी विचारत नाही आणि विचारायला हवा. ३०४ सुद्धा एफसीसी आहे. त्याचा दंडही कमी आहे. फक्त थंडीत ताणला की तो ट्विनवर थांबत नाही, त्याच्या काही भागाची मांडणीच बदलते आणि मार्टेन्साइट तयार होतं. त्यानेही धातू कडक होत जातो, म्हणून ३०४ थंडीत चांगलाच टिकतो. घरी बघायचं असेल तर लोहचुंबक घ्या आणि स्टेनलेसच्या सिंकला लावून बघा. सपाट तळाला चिकटणार नाही. दाबून काढलेल्या कोपऱ्यांत हलकीशी ओढ जाणवेल, कारण तिथे पत्रा सर्वांत जास्त ताणला गेला आहे आणि हे मार्टेन्साइट चुंबकीय असतं. (सगळीकडेच खणखणीत चिकटलं तर तो ३०४ नव्हे, निकेल नसलेला ४३० किंवा तसलाच कुठला तरी.)

तेव्हा पाच धातूंचा हा प्रकार आकाशातून पडलेला नाही, स्टेनलेसचाच चुलतभाऊ आहे. पाचांपैकी चार घटक तर स्टेनलेसमध्ये असतातच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. वजनाचा पाचवा हिस्सा कोबाल्ट. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं, आणि बॅटरीवाले त्यावर टपून बसलेले. वितळवतानाही मँगनीजची वाफ होऊन हिशेब बिघडतो.

---

भट्टीवाला

मग ऱ्हाऊ दे. आमचं सीआय (कास्ट आयर्न) बरं.

---

डॉ_खूर

मी पशुवैद्य. आमचा नायट्रोजनशी रोजचा संबंध. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरात ठेवतो, तो मोटरसायकलला बांधून वाड्या-वस्त्यांवर हिंडतो. आदळतो, आपटतो, पण कधी तडकला नाही. तो ॲल्युमिनियमचा. वरचं वाचून आज पहिल्यांदा कळलं की का. एफसीसी ना?

---

वसुधा_के

अगदी तेच! ॲल्युमिनियमला थंडीत चिरफाळता येत नाही. तोच कंटेनर साध्या पोलादाचा असता तर पहिल्या खड्ड्यात कांड्या रस्त्यावर. एक सावधगिरी, तुम्हाला माहीत असेलच: एक लिटर द्रव नायट्रोजनचा खोलीत सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद गाडीत काचा वर करून कंटेनर नेऊ नये.

---

अडगळ

'हाय एन्ट्रॉपी' म्हणजे गोंधळ जास्त, एवढं आठवतं. म्हणजे गोंधळ जास्त म्हणून धातू चांगला? मग आमच्या ऑफिसातून एव्हाना विमान उडायला हवं होतं.

---

सांडशी

या नावानेच घोळ केला आहे, आणि माझं मत विचाराल तर नाव चुकलंच आहे.

तैवानच्या त्सिंग ह्वा विद्यापीठातल्या येह यांनी २००४ साली हे नाव रूढ केलं. पाच धातू सारख्या प्रमाणात मिसळले की मिसळण्याची एन्ट्रॉपी वाढते, मोलमागे सुमारे १३.४ ज्यूल प्रति केल्विन. त्यामुळे वेगवेगळी संयुगं तयार न होता सगळं एकाच स्फटिकात गुण्यागोविंदाने नांदेल, ही कल्पना. त्याच वर्षी इंग्लंडमधून ब्रायन कँटर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांची गोष्ट अधिक मजेची. १९८१ मध्ये ससेक्सला त्यांच्या व्हिन्सेंट नावाच्या विद्यार्थ्याने तब्बल २० मूलद्रव्यं ५-५ टक्के घालून वितळवली होती. निघाला ठिसूळ, अनेक प्रावस्थांचा, म्हणजे वेगवेगळ्या मांडणीच्या भागांचा गाळ. पण त्या गाळात एक एफसीसी भाग होता आणि त्यात हेच पाच धातू जास्त प्रमाणात आढळले. म्हणजे या पाचांची जोडी कुणी एन्ट्रॉपीचं गणित मांडून जुळवली नाही, गाळातून निवडली. आपल्याकडे बंगळूरच्या आयआयएस्सीतले एस. रंगनाथन यांनी तर २००३ मध्येच 'करंट सायन्स'मध्ये बहुधातू मिश्रणांवर लेख लिहिला होता.

एन्ट्रॉपीच जर कर्ती-करवती असती तर पाचांतला एक धातू काढून त्याच्यासारखाच दुसरा घातला तरी चालायला हवं होतं. २०१३ मध्ये नेमकं हेच करून बघितलं गेलं. कोबाल्टऐवजी टायटॅनियम, निकेलऐवजी तांबं, क्रोमियमऐवजी मॉलिब्डेनम किंवा व्हॅनेडियम वगैरे. एन्ट्रॉपी तीच, पण एकही मिश्रण एकजिनसी राहिलं नाही. पुढे तर मूळ पाचांचंच मिश्रण ५०० अंश सेल्सियसला ५०० दिवस ठेवलं, तेव्हा त्यातही निकेल-मँगनीज एकीकडे, लोह-कोबाल्ट दुसरीकडे आणि क्रोमियम तिसरीकडे अशा चुली मांडल्या गेल्या. एकत्र कुटुंब टिकलं होतं ते थंड असेपर्यंत कुणाला हलायला जागा नव्हती म्हणून.

आणि मुख्य म्हणजे 'हाय एन्ट्रॉपी' आहे म्हणून थंडीत चिवट, असं मुळीच नाही. नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटलम, टंगस्टन सारख्या प्रमाणात घ्या. एन्ट्रॉपी भरपूर, पण मांडणी बीसीसी. भट्टीच्या तापमानाला दणकट, साध्या खोलीत ठिसूळ. नायट्रोजनपर्यंत जायचीही गरज नाही.

---

टेनेसीकर

इकडे रात्र आहे, पण राहवलं नाही. त्या पाचांतले दोन काढून टाका, ही गंमत कुणी सांगितलीच नाही. मँगनीज आणि लोह वगळलं की उरतं क्रोमियम-कोबाल्ट-निकेल. एन्ट्रॉपी कमी झाली, म्हणून याला 'मीडियम एन्ट्रॉपी' म्हणतात. आणि हा तिघांचा संसार पाचांपेक्षा सरस निघाला. २०१६ मध्ये ७७ केल्विनला टफनेस २७५. मग २०२२ मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानाला, म्हणजे २० केल्विनला मोजलं: भेग पुढे सरकायला लागताना ४५९, आणि दोन-सव्वादोन मिलिमीटर सरकल्यावर ५४० च्या वर. त्याच तापमानाला पाच धातूंचा २६२. तुलनेला विमानाचं ॲल्युमिनियम ३५ च्या आसपास धरा.

दंड आणखी कमी आहे, २२ च्या जवळपास. त्यामुळे ट्विन आणखी लवकर येतात, आणि २० केल्विनला त्यापुढे काही पट्ट्या षट्कोनी मांडणीतही जातात. आधी डिसलोकेशन, मग थरांच्या चुका, मग ट्विन, मग मांडणीबदल. एक दमला की दुसरा धावतो, आणि एकाच धातूत हे चौघं खांदेपालट करत राहतात.

---

नेमका_प्रश्न

४५९ एवढा आकडा लहान नमुन्यावर थेट मोजता येणं शक्य नाही. टोकाशी धातू इतका वाहणार की साधी सूत्रं लागूच पडणार नाहीत.

---

टेनेसीकर

थेट मोजलेला नाही. जे-इंटिग्रल, म्हणजे भेग पुढे सरकायला किती ऊर्जा लागते त्याचं माप, काढून त्यावरून रूपांतर केलं आहे. म्हणून ४५९ आणि ३५ शेजारी ठेवून 'तेरा पट भारी' म्हणणं मलाही जड जातं. पण ७७ पेक्षा २० ला आकडा वर जातो ही दिशा मला पक्की वाटते, आणि नवल त्या दिशेचंच आहे.

---

वसुधा_के

याचा उपयोग कुठे, हे कुणी विचारायच्या आत: दाभोळच्या एलएनजीचं (द्रवरूप नैसर्गिक वायूचं) तापमान उणे १६२. तिथे ९ टक्के निकेलचं पोलाद किंवा स्टेनलेस पुरतं, कुणी कोबाल्ट ओतणार नाही. इस्रोच्या क्रायोजेनिक इंजिनात द्रव हायड्रोजन उणे २५३ ला असतो. तिथला एखादा छोटा, जिवावरचा भाग असेल तर गोष्ट वेगळी. टाकीभर नव्हे.

---

सांडशी

सहमत. मला तर यातून नवा धातू मिळण्यापेक्षा जुने धातू समजले हा फायदा मोठा वाटतो. दंड कमी ठेवायचा आणि एफसीसी टिकवायचं, हे सूत्र हाती आल्यावर लोक कोबाल्ट कमी करून लोह-मँगनीज वाढवायच्या मागे लागले. २०१६ मध्ये जर्मनीतून निम्मं लोह, ३० टक्के मँगनीज आणि कोबाल्ट-क्रोमियम फक्त १०-१० टक्के, असा प्रकार आला. तो मुद्दामच जरा अस्थिर ठेवलेला, ताणला की मांडणी बदलणारा. भट्टीवाले, याचा भाव जरा बरा पडेल.

---

भट्टीवाला

३० टक्के मँगनीज म्हणजे आमच्या भट्टीच्या लायनिंगची वाट. पण निरोप पोचला.

आणि ते चुंबकाचं करून बघितलं. सिंकच्या तळाला नाही, कोपऱ्यात मात्र धरतंय. मिसेस विचारतायत, रात्री साडेअकराला सिंकमध्ये काय शोधताय.